नीलवृद्धीपलीकडे: ५ किलोमीटरची रेषा, ६१ दिवसांची बंदी आणि मानशीचे दार

सागरी धोरणाच्या कागदपत्रांत गेल्या दहा-बारा वर्षांत ‘नील अर्थव्यवस्था’ हा शब्दप्रयोग चांगलाच रुळला आहे. बेल्जियन उद्योजक गुंटर पाउली यांच्या २०१० मधील पुस्तकाने तो लोकांपुढे आणला. २०१२ मध्ये रिओ द जानेरो येथील संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत लहान द्वीपराष्ट्रांनी तो आपली बाजू मांडण्यासाठी वापरला आणि त्याच वर्षी युरोपीय संघाने ‘ब्लू ग्रोथ’, म्हणजे नीलवृद्धी, हे आपले अधिकृत धोरण म्हणून स्वीकारले. भारतात बंदरांसाठी २०१५ मध्ये सागरमाला कार्यक्रम आला आणि मत्स्यव्यवसायासाठी २०२० मध्ये २०,०५० कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली. या सर्वांमागचा विचार एकच आहे: जमिनीवरील साधने अपुरी पडू लागली आहेत, समुद्रात मात्र अजून वाढीला वाव आहे.

हा वाव खरोखर किती आहे, याचे उत्तर मासेमारीपुरते तरी आकडे देतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या नोंदींनुसार जगातील सागरी मासेमारी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वर्षाला सुमारे ८ कोटी टनांच्या आसपास घुटमळत आहे. नौका मोठ्या झाल्या, इंजिने शक्तिमान झाली, माशांचे थवे शोधणारी उपकरणे आली. पकड मात्र तेथेच राहिली. मर्यादेपलीकडे मासेमारी होत असलेल्या मत्स्यसाठ्यांचे प्रमाण १९७४ मध्ये १० टक्के होते, ते २०२१ मध्ये जवळपास ३८ टक्क्यांवर पोहोचले. भारतात, महासाथीची दोन वर्षे सोडली तर, २०१२ पासून सागरी मासळीची आवक साधारण ३४ ते ३९ लाख टनांच्या दरम्यान वरखाली होत राहिली आहे. सरकारी भाषेत याला ‘मत्स्योत्पादन’ म्हणतात. बातम्यांत आम्हीही तोच शब्द छापतो. पण समुद्रातील बांगडा कोणी उत्पादित करत नाही, तो फक्त पकडला जातो. उत्पादन म्हटले की ते वाढवता येते असे गृहीत धरले जाते आणि घोटाळ्याची सुरुवात बहुधा तेथूनच होते.

वाढीच्या हिशेबाचे टोक कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्याने पाहिले आहे. शतकानुशतके कॉड मासळीवर जगलेल्या या किनाऱ्यावर मोठ्या कारखानावजा नौका आल्या आणि १९६८ मध्ये पकड ८ लाख टनांवर गेली. जुलै १९९२ मध्ये साठा इतका खालावला की सरकारला मासेमारीच थांबवावी लागली. सुमारे ३० हजार लोकांचे काम एका निर्णयाने गेले. जे थांबणे आधी ठरवून, थोडे थोडे करता आले असते, ते शेवटी एकदम आणि सक्तीने करावे लागले.

वाढीला नकार म्हणजे काय

ठरवून, वाटून घेऊन, आधीच थांबणे या कल्पनेला पाश्चात्त्य विचारविश्वात ‘डीग्रोथ’ असे नाव आहे. १९७२ मध्ये ‘लिमिट्स टू ग्रोथ’ हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याच सुमारास आंद्रे गोर्झ यांनी फ्रेंचमध्ये ‘देक्रुआसान्स’ हा शब्द वापरला. २००८ मध्ये पॅरिसला या विषयावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. समुद्राच्या संदर्भात ‘ब्लू डीग्रोथ’ ही संज्ञा त्यामानाने नवी असून ‘सस्टेनेबिलिटी सायन्स’ या शोधपत्रिकेने २०२० मध्ये तिला वाहिलेली लेखमाला प्रसिद्ध केली. मंदी आणि डीग्रोथ या दोन गोष्टी एक नव्हेत. मंदी कोसळते, तिचा भार सर्वांत दुबळ्यावर आधी पडतो. डीग्रोथच्या समर्थकांचे म्हणणे असे की साधनांचा उपसा जाणीवपूर्वक कमी करावा, जो उरेल त्याची वाटणी न्याय्य करावी आणि समाज सुस्थितीत आहे की नाही हे सकल उत्पादनाच्या आकड्यावरून ठरवणे सोडून द्यावे.

आपल्याकडे हा विचार परका नाही. जे. सी. कुमारप्पा यांनी तुरुंगवासात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या पुस्तकात, निसर्गाच्या ठेव्यावर जगणारी आणि निसर्गाच्या नित्य उत्पन्नावर जगणारी, अशा दोन अर्थव्यवस्थांतील फरक १९४० च्या दशकातच मांडला होता. किनाऱ्यावर त्याचा व्यावहारिक अर्थ पाहायचा, तर गोव्यापासून फार दूर जावे लागत नाही. येथे हा वाद पुस्तकांतून आला नाही. तो वाळूवर झाला, आणि त्यातून एक कायदाही निघाला.

रापणीपासून कायद्यापर्यंत

रापण हे किनाऱ्यावरून ओढायचे प्रचंड जाळे. होडीतून ते अर्धवर्तुळाकार टाकत न्यायचे, दोन्ही टोके किनाऱ्यावर आणायची आणि मग दोन्ही बाजूंना रांगा लावून माणसांनी ते ओढायचे. एका रापणीला डझनावारी माणसे लागतात. म्हणूनच ती एकट्या मालकाची चीज होऊ शकत नव्हती. होडी, जाळे आणि श्रम यांचे वाटे ठरलेले असत आणि ओढायला हात लावणाऱ्याला मासळीत वाटा मिळे. गोव्यात रापणकार, तर मालवण परिसरात रापण संघ या नावाने ही व्यवस्था ओळखली जाते. रापण समुद्रात फार आत जाऊ शकत नाही आणि पावसाळ्यात उधाणलेल्या दर्यात ती टाकता येत नाही. तिच्या मर्यादा तिच्या रचनेतच होत्या; त्या कोणी परिपत्रक काढून घातलेल्या नव्हत्या.

१९६१ नंतर गोव्यात यांत्रिकीकरणाचे धोरण आले. कर्जे आणि अनुदाने देऊन ट्रॉलर उतरवण्यात आले. त्यांना उत्तेजन होते ते कोळंबीच्या निर्यातीचे, आणि कोळंबी मिळते ती किनाऱ्यालगतच्या उथळ, चिखलाळ पाण्यात, म्हणजे नेमकी रापणकारांच्या पाण्यात. ट्रॉलरचे जाळे तळ खरवडत जाते. कोळंबीबरोबर लहान पिले, अंडी, तळाशी राहणारे इतर जीव सारे वर येते. अनुदान मिळालेल्यांपैकी अनेक जण पारंपरिक मच्छीमार नव्हतेच, हा रापणकारांचा दुसरा आक्षेप होता. १९७० च्या दशकात हा संघर्ष समुद्रातील जाळी कापण्यापासून पणजीतील मोर्चे आणि उपोषणांपर्यंत गेला. माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली ‘गोंयच्या रापणकारांचो एकवट’ ही संघटना उभी राहिली. १९७८ मध्ये देशभरच्या पारंपरिक मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच स्थापन झाला, त्यातही गोव्याच्या रापणकारांचा पुढाकार होता. आजचा नॅशनल फिशवर्कर्स फोरम हे त्याचेच पुढचे रूप.

या चळवळीचे फळ म्हणजे गोवा, दमण व दीव सागरी मासेमारी नियमन कायदा, १९८०. केरळ आणि गोवा ही असा कायदा करणारी देशातील पहिली दोन राज्ये. महाराष्ट्राचा कायदा पुढच्याच वर्षी आला. गोव्यात किनाऱ्यापासून ५ किलोमीटरपर्यंतचे पाणी यांत्रिक नौकांना बंद करण्यात आले, जाळ्यांच्या आसाचा किमान आकार ठरवण्यात आला आणि पावसाळी बंदीला कायद्याचा आधार मिळाला.

या कायद्याकडे सहसा दोन व्यावसायिक गटांतील तडजोड म्हणून पाहिले जाते. पण त्यात दडलेले तत्त्व त्याहून मोठे आहे. कायदा असे म्हणतो की या पट्ट्यात अधिक मासळी पकडण्याचे तंत्र उपलब्ध आहे, भांडवलही उपलब्ध आहे, तरीही ते येथे वापरायचे नाही; कारण हे पाणी कोणासाठी आहे हा प्रश्न, त्यातून किती मिळेल या प्रश्नाच्या आधी येतो. वृद्धीच्या चौकटीत या वाक्याला जागा नाही. केरळने पर्स सीन जाळ्यांवर घातलेले निर्बंध आव्हानित झाले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ते उचलून धरले. तेथेही पारंपरिक मच्छीमारांच्या उपजीविकेचे रक्षण हाच मध्यवर्ती मुद्दा होता.

६१ दिवस

२०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची एकसमान मासेमारी बंदी आहे. वल्ह्यांच्या पारंपरिक होड्यांना तीतून सूट मिळते. बंदीचे शास्त्रीय समर्थन सर्वांना पाठ असते: हा अनेक मासळ्यांचा विणीचा काळ. पण बंदी टिकते ती केवळ शास्त्रामुळे नाही. आपल्या घराघरांत पुरुमेंताची रीत आहे. पावसाळ्याआधी सुके बांगडे, सुकी सुंगटे, खारवलेली मासळी, सोलां, मिरच्या भरून ठेवायच्या आणि मृगापासून पुढचे दोन महिने त्यावर काढायचे. पाठोपाठ श्रावण येतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी पाण्यात न घालण्याची कोळी-खारवी समाजाची परंपराही त्याच सुमारास येते. कायद्याने सांगितलेले थांबणे स्वयंपाकघराने आणि पंचांगाने आधीच अंगवळणी पाडले होते. मागणीच कमी करण्याची ही जुनी व्यवस्था आता क्षीण होत आहे. बर्फातील मासळी जुलैमध्येही परराज्यांतून येते आणि बंदीचा ताण खाणाऱ्याला जाणवेनासा होतो.

बंदीला आतून पोखरणारी दुसरी गोष्ट म्हणजे प्रखर दिव्यांची मासेमारी. जनरेटरवर चालणारे एलईडी दिवे पाण्यावर टाकून मासळी आकर्षित करायची आणि पर्स सीन जाळ्याने सारा थवा वेढून घ्यायचा, असे हे तंत्र. केंद्र सरकारने २०१७ मध्ये देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात ते बेकायदा ठरवले. तरीही मालिम, कुटबण, खारीवाडा येथील बातम्यांतून हा विषय जात नाही. अंमलबजावणीत एक मूलभूत अडचण आहे. राज्यघटनेनुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याकडे आणि त्यापलीकडची केंद्राकडे. मासळीला आणि ट्रॉलरला ही रेषा ओलांडायला काही मिनिटे पुरतात. मालपेचे ट्रॉलर गोव्याच्या पाण्यात सापडतात, गोव्याच्या नौकांविरुद्ध सिंधुदुर्गात तक्रारी होतात, आणि प्रत्येक राज्यातील मच्छीमाराच्या लेखी गुन्हेगार शेजारचा असतो. मर्यादा पाळण्याचा करार दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पाळला गेला नाही, तर पाळणारा मूर्ख ठरतो.

येथे आक्षेपांचाही विचार केला पाहिजे, कारण ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप: ट्रॉलर कमी केले तर मालकाचे जे व्हायचे ते होईल, पण ओडिशा, झारखंड, आंध्र येथून आलेल्या खलाशांचे काय? गोव्याच्या ट्रॉलरवरील श्रम मुख्यतः तेच करतात. दुसरा: पारंपरिक मच्छीमारही आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. होड्यांना बाहेरून बसवायची इंजिने आली, नायलॉनची जाळी आली, काही ठिकाणी लहान पर्स सीनही आले. रापण ओढायला गावातील तरुण मिळत नाहीत. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: श्रीमंत देशांच्या खोल समुद्रातील नौकांनी अर्धशतक ओरबाडून झाल्यावर आता संयमाचा उपदेश आपल्याला का?

तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर अनुदानांच्या आकड्यांत थोडेफार मिळते. २०१८ मध्ये जगभरात मत्स्यव्यवसायाला सुमारे ३५ अब्ज डॉलरची सरकारी अनुदाने मिळाली, त्यांतील सुमारे २२ अब्ज डॉलर नौकांची क्षमता वाढवणाऱ्या प्रकारची होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जागतिक व्यापार संघटनेत जून २०२२ मध्ये झालेल्या करारात बेकायदा मासेमारीला आणि अतिमासेमारी झालेल्या साठ्यांना मिळणारी अनुदाने रोखण्याचे ठरले. क्षमता वाढवणाऱ्या अनुदानांचा मुख्य प्रश्न तेव्हा बाजूला राहिला. भारताने या वाटाघाटींत लहान मच्छीमारांना सूट आणि दूरसागरी मासेमारी करणाऱ्या देशांवर अधिक बंधने अशी भूमिका घेतली. ती योग्यच आहे. मात्र जो युक्तिवाद भारत जिनिव्हामध्ये करतो, तोच रापणकार पणजीत करतात. आकसायचे असेल तर मोठ्याने आधी आकसावे, ही मागणी दोन्हीकडे सारखीच आहे. पहिल्या ठिकाणी ती राष्ट्रीय हित ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी विकासविरोध. खलाशांच्या प्रश्नाला मात्र रापणकारांच्या मागण्यांत आजवर पुरेसे स्थान मिळालेले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

खाजन: दाराची अर्थव्यवस्था

किनारी व्यवस्थापन म्हणजे केवळ मासेमारी नव्हे. मांडवी, जुवारी, साळ, शापोरा या नद्यांच्या मुखांकडील सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन ही वाढीशिवाय चालणाऱ्या अर्थव्यवस्थेचे गोव्यातील सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण आहे, आणि ती कशी मोडते याचेही.

खाजन म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली जाणारी सखल जमीन, जी बांध घालून शेतीखाली आणली गेली. बांध चिखल, जांभा दगड आणि पेंढा यांचा. त्याच्या बाहेर लाटांचा मार झेलणारी खारफुटी. बांधात ठिकठिकाणी मानस, म्हणजे लाकडी दारांची झडप. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ते उघडते आणि शेतातील पावसाचे पाणी नदीत जाते. आत पोंय, म्हणजे पाणी साठवणारे आणि वाहून नेणारे खोलगट भाग. पावसाळ्यात जमिनीतील मीठ धुऊन निघाले की कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात पेरायचे. कापणी झाल्यावर मानशीतून खारे पाणी मोजून आत घ्यायचे. त्याबरोबर येणारी सुंगटे, काळुंदर, शेवटे पोंयीत वाढतात आणि ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे लावून पकडली जातात. काही खाजनांत मिठागरे. एकाच जमिनीवर भात, मासळी आणि मीठ. पण कोणतेही एक जास्तीत जास्त घ्यायचे नाही, कारण एक वाढले की दुसरे मरते.

ही व्यवस्था चालवत होत्या गावकऱ्या, ज्यांना पोर्तुगीज काळात कोमुनिदाद हे नाव पडले. त्यांच्या रीतिरिवाजांची नोंद अफोन्सो मेशिया यांच्या १५२६ च्या ‘फोराल’मध्ये आहे. मानशीवरील मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जाई आणि त्या पैशातून बांधांची डागडुजी होई. दार केव्हा उघडायचे, किती उघडायचे, याचे नियम मासे पकडणाऱ्याच्या हातात नव्हते; ते शेतीच्या गरजेवर ठरत.

१९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्याची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमीन दिली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ते आवश्यक होते. पण बांधांची जबाबदारी नव्याने निर्माण झालेल्या कूळ संघटनांकडे आली आणि अनेक ठिकाणी ती नीट पेलली गेली नाही. त्याच काळात कोळंबीचा भाव चढला. मानशीच्या लिलावाची बोली वाढली. मोठी बोली लावणाऱ्याला भाताशी कर्तव्य नसते. त्याला खारे पाणी अधिक काळ आत हवे असते. दार उघडे राहिले, कुठे बांधच फोडले गेले, भाताची शेते कायमची खारी झाली आणि ओसाड शेतांत खारफुटी उगवली. खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्याने तेथे पुन्हा शेती करणेही अवघड झाले.

आता याचा हिशेब करून पाहू. लिलावाची बोली दुप्पट झाली, ही राज्याच्या उत्पन्नात वाढ. पोंयीतील कोळंबी निर्यात झाली, वाढ. फुटलेला बांध सरकारी खर्चाने, ठेकेदारामार्फत, सिमेंटचा बांधला, पुन्हा वाढ. ओसाड शेत भराव घालून बांधकामासाठी विकले गेले, तर सर्वांत मोठी वाढ. खाजन मोडण्याची प्रत्येक पायरी आकडा वर नेते. उलट बांध शाबूत आहे, दार वेळेवर मिटते, घरचा भात घरी येतो आणि पावसाळ्यात पाणी गावात शिरत नाही, तर नोंदवण्यासारखे फारसे काही घडतच नाही. ‘वाढीला पर्याय’ म्हणजे नेमके काय, हे समजावून सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण प्रस्तुत लेखकाला माहीत नाही.

मात्र गावकरीचे गोडवे गाताना हात आखडता घ्यायला हवा. गावकार हे विशिष्ट घराण्यांतील पुरुष होते. स्त्रियांना त्यात स्थान नव्हते. बांध घालण्याचे, फुटल्यावर रात्री-अपरात्री चिखलात उतरण्याचे काम ज्या जातींनी केले, त्यांचा निर्णयात वाटा नव्हता. सामूहिक मालकी आणि समान मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९० च्या ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ या ग्रंथात, आणि नंतर २००९ च्या नोबेल पुरस्काराने ज्यांच्या कामावर शिक्कामोर्तब झाले, त्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले की सामूहिक साधने मालकाविना उद्ध्वस्तच होतात असे नाही; लोक नियम बनवतात आणि पाळतात. पण ज्यांना नियम लागू होतात त्यांना नियम बदलण्यातही भाग हवा, ही त्यांची अट आहे. जुन्या गावकरीत ती पूर्ण होत नव्हती. नव्या कूळ संघटनांत ती कागदावर पूर्ण होते.

इतरत्रचे अनुभवही असेच संमिश्र आहेत. आंध्र-तमिळनाडू सीमेवरील पुलिकत सरोवरात ‘पाडू’ पद्धतीने कोळंबीच्या जागा पाळीपाळीने वाटल्या जातात; ती शिस्त टिकली, पण पाडूबाहेरच्या जातींना बराच काळ प्रवेश नव्हता. जपानने १९४९ च्या कायद्याने किनारी पाण्याचे हक्क स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना अग्रक्रमाने दिले होते. उत्पादन वाढीचे कारण देऊन २०१८ च्या दुरुस्तीत तो अग्रक्रम काढून टाकण्यात आला आणि कंपन्यांची वाट मोकळी झाली. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे कासवांच्या अंड्यांचे रक्षण करता करता २००६ पासून कासव महोत्सव उभा राहिला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, जेवतात आणि हंगाम संपला की गाव पुन्हा आपल्या कामाला लागते. आपल्याकडे मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग ही कासवांच्या विणीची ठिकाणे आहेत; तेथे पर्यटन आधी आले आणि कासवांसाठी जागा राखणे नंतर, त्यामुळे दरवर्षी शॅकच्या दिव्यांवरून आणि संगीतावरून वाद होतात.

किनारा कोणाच्या नावावर

पाण्यात कितीही मर्यादा घातल्या, तरी होडी ओढून ठेवायला, जाळी पसरायला, मासळी सुकवायला वाळू लागते. ती जागा आज सर्वांत वेगाने आकसते आहे. नावशी येथील प्रस्तावित मरीनाला तेथील मच्छीमारांनी विरोध केला, तो याच कारणासाठी. जुवारीच्या त्या मुखातच पलीकडे चिखलीचा उपसागर आहे, जेथे खिडक्यांना लावायचे पारदर्शक शिंपले देणारे कालव सापडतात. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवे कालवा यांचा समावेश झाला तेव्हा, नदीत जाळे टाकणाऱ्याचा हक्क मालवाहू बार्जच्या मार्गात आला तर काय, हा प्रश्न ग्रामसभांतून विचारला गेला.

२०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. खाजन जमिनींचे नकाशे करून व्यवस्थापन आराखडा तयार करावा, तेथे विकासकामांना परवानगी देऊ नये, वाळूच्या टेकड्यांना हात लावू नये, असे त्यात म्हटले आहे. शिवाय मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामायिक जागा, मासळी सुकवण्याच्या जागा या सर्वांची नोंद किनारी व्यवस्थापन आराखड्यात करणे बंधनकारक आहे. २०२१ मध्ये या आराखड्याच्या मसुद्यावर जनसुनावण्या झाल्या, तेव्हा मच्छीमारांची मुख्य तक्रार हीच होती की प्रत्यक्षात वापरात असलेल्या अनेक जागा नकाशावर दिसत नाहीत.

जंगलांच्या बाबतीत २००६ च्या वनहक्क कायद्याने वैयक्तिक आणि सामूहिक हक्क मान्य केले. ग्रामसभेला आपल्या वनाचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. किनाऱ्यासाठी त्याच धर्तीचा, पारंपरिक मच्छीमारांच्या हक्करक्षणाचा मसुदा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २००९ मध्ये तयार केला होता. त्याचा कायदा झाला नाही. लघु मच्छीमारांच्या हक्कांविषयी जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वे जमिनीवरील आणि पाण्यातील हक्क एकत्र मानतात, पण ती ऐच्छिक आहेत. परिणामी गोव्यातील रापणकाराला ५ किलोमीटरपर्यंतच्या पाण्यात कायद्याचे संरक्षण आहे. ज्या वाळूवरून रापण ओढायची, त्या वाळूवर त्याचा हक्क सांगणारा कायदा अजून नाही.